त्या म्हातारीचं पुढे काय झालं? : अकरावीतल्या एका वाचनवहीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण गोव्याच्या आतल्या भागातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयातलं आहे. अकरावीचा कला शाखेचा वर्ग, सव्वीस मुलं, आणि त्यांना मराठी शिकवणारी मी. मुलीचं नाव देत नाही. कादंबरीचंही देत नाही, कारण त्या वर्षी ती एकटीनेच घेतली होती आणि नाव सांगितलं की गावात लगेच ओळख पटेल. एवढं सांगते की कादंबरी मराठी आहे, जुनी आहे आणि नर्मदा परिक्रमेला निघालेल्या एका तरुणाची आहे.

आमच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या घरी कोंकणी बोलतात. मराठी त्यांच्याकडे येते ती प्राथमिक शाळेतून, देवळातल्या भजनांतून, जत्रेतल्या नाटकांतून आणि सकाळच्या वर्तमानपत्रातून. वाचतात मराठीत आणि भांडतात कोंकणीत. त्यामुळे त्यांच्या मराठी लिखाणात घरचे शब्द येतात, आणि ते येऊ द्यावेत असं माझं मत सोळा वर्षांच्या नोकरीनंतर पक्कं झालं आहे.

दरवर्षी अंतर्गत गुणांसाठी मी एक कादंबरी वाचायला लावते. त्या वर्षी विषय होता शोध. कशाच्या तरी शोधात निघालेल्या माणसाची कोणतीही कादंबरी घ्यायची, दर आठवड्याला वाचनवहीचं एक पान लिहायचं आणि डिसेंबरात कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण, भाषाशैली, आशय या पाच मथळ्यांखाली प्रकल्प द्यायचा. हे पाच मथळे मीच ठरवलेले. जुलैत सुरुवातीला मी जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली मांडलेला नायकाच्या प्रवासाचा आराखडा समजावून सांगितला होता: घर सोडणं, वाटेतल्या कसोट्या, मदत करणारे, शेवटी काहीतरी घेऊन परतणं. मुलांना तो आवडतो, कारण त्यात सिनेमेही बसतात.

ही मुलगी सोळा वर्षांची. वडील खाणीवरच्या ट्रकवर होते. २०१२ साली खाणी थांबल्यापासून मिळेल ते काम करतात. आई महिला स्वयंसहाय्य गटात आहे. गोव्यात शाळांचं माध्यान्ह भोजन बहुतेक ठिकाणी असेच गट पुरवतात. त्यांचा गट आसपासच्या प्राथमिक शाळांना भाजी-पाव पोचवतो. पहाटे पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाव किती आले, भाजी किती शिजली, कुठल्या शाळेत किती मुलं हजर, हे सगळं एका रजिस्टरात चढवावं लागतं. त्या वेळी आईचे हात कांद्याचे आणि ओले असतात, म्हणून रजिस्टर ही मुलगी लिहिते. चौथीत असल्यापासून लिहिते. हे मला जुलैत ठाऊक नव्हतं, आणि पुढचं बरंचसं त्यामुळेच घडलं.

वही

पहिल्या आठवड्याच्या पानावर तिने काय वाचलं ते पाच ओळींत होतं. दुसऱ्या आठवड्यापासून पान उभं आखलेलं आलं. पाच रकाने: पान क्रमांक, काय खाल्लं, किती, कोणी दिलं. पाचव्या रकान्याचा मथळा होता "तिला उरलं का".

नोंदी अशा होत्या. "ज्वारीची भाकर, मीठ. एक. केवटाच्या बायकोने. लिहिलेलं नाही." "ताक, लोटाभर. आश्रमातल्या माईने. लिहिलेलं नाही." "मक्याची रोटी, दोन, अंबाडीची भाजी. घरात मुलं तीन. लिहिलेलं नाही." पाचवा रकाना खालपर्यंत "लिहिलेलं नाही"ने भरलेला.

परिक्रमेचे नियम इथे सांगायला हवेत. नर्मदा सुमारे १३१२ किलोमीटर लांब आहे. अमरकंटकला उगम पावते आणि भरूचजवळ समुद्राला मिळते. परिक्रमावासी नदी कायम उजव्या हाताला ठेवून चालतो. तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही, फक्त मुखाशी समुद्रातून नावेने पलीकडच्या तीरावर जायचं. परंपरेने मुदत सांगतात तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस. चातुर्मासात एका जागी थांबायचं. जवळ पैसा ठेवायचा नाही, मिळेल ते खायचं. म्हणजे ही सगळी वाट दुसऱ्यांच्या चुलींवर चालते. कादंबरी वाचताना आपण नदी बघतो, जंगल बघतो, त्या तरुणाच्या मनातली उलघाल बघतो. तिने चुली मोजल्या.

मी मात्र तिच्या पानाखाली तांबड्या शाईने लिहिलं: "निरीक्षण छान. पण कथानकाकडे लक्ष दे."

एकदा वर्गात मी सदाव्रताबद्दल सांगितलं. वाटेतल्या आश्रमांत आणि धर्मशाळांत पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा देतात आणि परिक्रमावासी स्वतः शिजवून खातो. ती म्हणाली, "मग टीचर, शिधा वेगळा लिहायला हवा नि शिजवलेलं वेगळं. शिधा देणं सोपं असतं." पुढच्या आठवड्यात रकाने सहा झाले.

अडचण कशी उभी राहिली

गणेशचवथीच्या सुट्टीनंतर ती वर्गात वही न देता उभी राहिली. कादंबरीत एक प्रसंग आहे. तरुणाला ताप भरतो. शूलपाणीच्या झाडीच्या अलीकडे एका झोपडीत एक एकटी म्हातारी त्याला ठेवून घेते. नऊ दिवस त्याला पेज पाजते, रात्री त्याच्या पायांशी बसून राहते. दहाव्या दिवशी पहाटे त्याला बरं वाटतं आणि ती पाणी आणायला गेलेली असताना तो निघतो. निरोप घेतला तर पाय निघणार नाही, म्हणून. पुढच्या प्रकरणात तो दहा कोस पुढे गेलेला असतो.

तिने विचारलं, "त्या म्हातारीचं पुढे काय झालं? मी पुढची पानं चाळली. ती परत कुठेच नाही."

मी उत्तर दिलं. लगेच दिलं आणि आराखड्यातून दिलं. म्हटलं, शोधकथेत भेटणारी माणसं नायकाला पुढे ढकलण्यासाठी असतात, त्यांचं काम झालं की ती मागे पडतात, हा त्या प्रकारच्या कथेचा नियमच आहे. ती "हो टीचर" म्हणून बसली. वर्गात दहा-बारा मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. बरोबर वाक्य होतं. त्या क्षणी ते सांगायला नको होतं.

त्या आठवड्याचं तिचं पान मात्र मला फार आवडलं. म्हातारीच्या नऊ दिवसांच्या पेजेचा हिशेब तिने मांडला होता. एका माणसाला दोन वेळची पेज, इतके तांदूळ, म्हणजे नऊ दिवसांचे इतके. खाली लिहिलं होतं की एकट्या बाईच्या घरी एवढे तांदूळ असतील तर ते तिचे पावसाचे असणार. आणि त्याखाली तीन ओळी: "माझी आई शंभर-दीडशे मुलांचं करते. ती जेवली का हे मीपण कधी विचारलेलं नाही. रजिस्टरात तसा रकाना नाही."

ते पान मी दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. तिचं नाव घेतलं नाही. कौतुक म्हणूनच वाचलं, आणि वाचताना माझा स्वतःचा आवाज जड झाला होता. पण सव्वीस जणांच्या वर्गात, त्याच गावांतल्या मुलांमध्ये, नाव घ्यायची गरजच नव्हती. त्यांच्या धाकट्या भावंडांना तिच्या आईच्या हातचंच मिळतं. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "भाजी-पाव" म्हणालं. दोघं-तिघं हसले. मी वही मिटली, हसणाऱ्यांना ओरडले. ओरडल्यामुळे उरलेल्यांनाही कळलं.

नंतरचे तीन आठवडे तिच्या वहीत एकच ओळ येत राहिली: "वाचन झालं नाही." शेवटचं आखलेलं पान तिने आतल्या बाजूने दुमडून त्याच्या कडा गोंदाने चिकटवून टाकल्या होत्या.

कोणते पर्याय होते

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी विभागातल्या सहकारी बाईंशी बोलले. त्यांनी सुचवलं की पुस्तक बदलून द्यावं. छोटी, हलकी कादंबरी घेईल, दोन आठवड्यांत संपवेल, प्रकल्प वेळेत होईल. हा सल्ला वाईट नव्हता. अकरावीत एका विषयात मन उडालं की सगळ्याच अभ्यासातून उडतं, हे आम्ही दोघींनी पाहिलेलं आहे. पण पुस्तक बदललं असतं तर तिला असंच वाटलं असतं की चूक तिच्या वाचण्यात आहे. खरी चूक मी केलेल्या वाचनात होती.

दुसरी वाट होती नियमाची: वही नाही तर गुण नाहीत. ती मी विचारातही फार वेळ ठेवली नाही. तिसरी वाट म्हणजे डिसेंबरपर्यंत काही न बोलणं, आपोआप निवळेल म्हणून. मुलं पुष्कळ गोष्टी आपोआप विसरतात हे खरं आहे. पण चिकटवलेलं पान रोज तिच्या दप्तरातून ये-जा करत होतं. विसरायचं असतं तर तिने ते फाडलं असतं.

उरलेला मार्ग होता माफी मागण्याचा आणि मग तिच्या रकान्यांनाच प्रकल्प मानण्याचा. त्यात दोन अडचणी होत्या. प्रकल्प तपासायला माझ्याबरोबर आणखी एक शिक्षक असतात आणि पाच मथळ्यांचा साचा त्यांच्यापुढे असतो. शिवाय ती कादंबरी पूर्ण करायला तयार होईल का, हे मला सांगता येत नव्हतं. अर्धी वाचलेली कादंबरी प्रकल्पाला चालते का? मी इतकी वर्षं मुलांना "नाही" सांगत आले होते.

एक निर्णय सर्वांत अवघड वाटला. माफी एकटीची मागायची की वर्गासमोर? अपमान वर्गासमोर झाला, तेव्हा माफीही तिथेच मागावी असं माझं मन सांगत होतं. तरी या वेळी आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "नको टीचर. परत सगळ्यांना आठवेल." म्हणून वर्गात मी फक्त एवढं सांगितलं की वाचनवही मी यापुढे लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय कुणाला वाचून दाखवणार नाही आणि आधी दाखवली ते माझं चुकलं. कोणाची, कधी, काहीच बोलले नाही. मला बोलायचं होतं त्याच्या अर्धंच बोलले.

काय केलं

तिला एकटीला ग्रंथालयात बसवून मी माफी मागितली आणि तिच्या प्रश्नाचं दिलेलं उत्तर मागे घेतलं. सांगितलं की म्हातारीचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही, आणि लेखकाने ते लिहिलं नाही हीसुद्धा कादंबरीतली एक गोष्टच आहे, तिच्याबद्दल लिहिता येतं.

मग तिला लीळाचरित्राबद्दल सांगितलं. मराठी गद्याच्या अगदी आरंभीचा हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीचा आहे. चक्रधरस्वामी गावोगावी फिरले, लोकांच्या घरी उतरले, जेवले, बोलले. ते निघून गेल्यावर म्हाइंभट त्या माणसांकडे गेले आणि एकेकाला विचारून आठवणी गोळा केल्या. कुणाच्या घरी, कुठल्या ओसरीवर, ताटात काय होतं, हे त्यात येतं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कुणीतरी परत गेलं विचारायला." मला वाटतं, संपूर्ण वर्षात मी तिला शिकवलेली ही एकच गोष्ट तिने आपली म्हणून घेतली.

पुढचं पाऊल माझं होतं आणि त्याबद्दल माझ्या मनात अजून दुमत आहे. आम्ही नकाशा काढला. कादंबरीत झोपडी कुठे आहे ते नेमकं दिलेलं नाही, शूलपाणीच्या झाडीच्या अलीकडे एवढंच आहे. एके काळी परिक्रमेतला हा सर्वांत कठीण टप्पा. तिथले भिल्ल परिक्रमावासींना लुटत आणि अंगावरच्या कपड्यांपर्यंत काढून घेत, अशा हकिकती प्रसिद्ध आहेत. आज फोनवरच्या नकाशात तिथे निळा पट्टा दिसतो. सरदार सरोवराचं पाणी. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचं लोकार्पण झालं. त्याआधीच शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं होतं. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बुडितात गेली, मणिबेली त्यांतलं सुरुवातीचं. जुनी वाट पुष्कळ ठिकाणी पाण्याखाली आहे. आता परिक्रमावासी वरून, डोंगरातून किंवा रस्त्याने जातात.

ती त्या निळ्या पट्ट्यावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आमची आजी कुर्डीची."

गोव्यातल्या वाचकाला यापुढे काही सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. कुर्डी हे सांगे तालुक्यातलं गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचं जन्मगाव. साळावली धरणाने १९८०च्या दशकात ते बुडालं. आज दक्षिण गोव्याला पिण्याचं पाणी त्या धरणातून मिळतं, आमच्या शाळेच्या नळालाही. गावकऱ्यांना वाळकिणी आणि वाडें इथे वसवलं. तिथलं प्राचीन महादेवाचं देऊळ दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलं की घरांची जोती, विहिरींचे कठडे, वाटा वर येतात. सोमेश्वराच्या उत्सवाला जुने गावकरी तिथे जमतात. जूनमध्ये पाऊस लागला की सगळं परत आत.

आईची आई, म्हणजे तिची आजी, त्यांच्याकडेच राहते. मुलीने तिला रोज रात्री कादंबरीतलं थोडं वाचून दाखवायला सुरुवात केली. मराठी वाचायचं, अडलं तिथे कोंकणीत सांगायचं. म्हातारीचा प्रसंग ऐकून आजीने जे सांगितलं ते मुलीने जसंच्या तसं वहीत लिहून आणलं. कुर्डीच्या घराच्या पडवीत कोण कोण जेवून गेलं, याची आजी एकेक नावं घेऊ लागली. भजनी, जोगी, गुरं शोधत आलेला परगावचा माणूस, पावसात अडकलेला शिक्षक. आणि मग म्हणाली: "मापूंक आयिल्ल्यांक आमीच पेज वाडली." धरणासाठी जमीन मोजायला जी माणसं आली होती, त्यांनाही दुपारची पेज याच पडवीत वाढली होती. सोबत लोणच्याची फोड दिली होती. कशासाठी मोजतात ते तेव्हा घरात कुणाला नीट कळलेलं नव्हतं.

ही नोंद मुलीने त्याच सहा रकान्यांत बसवली. काय: पेज, लोणचं. किती: चार माणसांना, आठ दिवस. कोणी दिलं: आजीने. तिला उरलं का: या एका ठिकाणी रकाना भरलेला होता. "नाही. आजीने सांगितलं."

काय झालं

डिसेंबरात तिने दिलेला प्रकल्प असा होता: कादंबरीतल्या जेवणांचं चौदा पानी रजिस्टर, त्यावर चार पानांचं लेखन, आणि शेवटी आजीची दोन पानं. पाचपैकी तीन मथळे तिने स्वतः वगळले होते. लेखनातला मध्यवर्ती मुद्दा साधा होता. तरुण परिक्रमेच्या शेवटी म्हणतो की त्याने सर्व सोडलं, आणि तिने दाखवलं होतं की एकही दिवस तो कुणाच्या तरी घरचं घेतल्याशिवाय चालला नाही. हे तिने त्याला दोष देण्यासाठी लिहिलं नव्हतं. "तो चांगला आहे," असं तिने दोनदा लिहिलं होतं. "पण त्याला नद्यांची नावं पाठ आहेत. म्हातारीचं नाव त्याने विचारलं नाही."

सहपरीक्षकांनी हरकत घेतली. कथानक नाही, व्यक्तिरेखाचित्रण नाही, आणि कादंबरी पूर्ण वाचलेली नाही हे मुलीने स्वतःच पहिल्या पानावर कबूल केलं होतं. शेवटची चाळीसेक पानं तिने वाचली नव्हती. शेवट तिने प्रस्तावनेतून घेतला होता आणि तसं नमूद केलं होतं. आम्ही दोघांनी तासभर वाद घातला. ते चूक नव्हते. बाकीच्या पंचवीस मुलांनी साचा पाळला होता आणि एकीला वेगळी फूटपट्टी लावायची तर ती आधी जाहीर करायला हवी होती. शेवटी वीसपैकी चौदा गुण ठरले. तिला मी कारण सांगितलं. तिला त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही, मला मात्र वाटलं.

दुसरा परिणाम मला जानेवारीत कळला. तिची आई पालकसभेला आली होती. बाजूला घेऊन म्हणाली, "टीचर, आमची आई त्या दिवसांत रात्री झोपायची नाही. उठून बसायची. घराच्या खोल्या मोजायची." राग नव्हता बोलण्यात. सांगून ठेवायचं म्हणून सांगितलं. मी त्यानंतर घरी जाऊन आजींना भेटले. त्यांनी मला पेज वाढली, ताटात तोरांचं लोणचं ठेवलं, आणि मला "तुम्ही जेवलात का" हे त्यांना विचारायचं सुचलं ते हात धुताना.

वर्गातलं "भाजी-पाव" थांबलं की नाही, ते मला खात्रीने सांगता येत नाही. माझ्या कानांवर परत आलं नाही. ती मागच्या बाकावरून दुसऱ्या रांगेत येऊन बसली, एवढं पाहिलं.

काय वेगळं करता आलं असतं

पान वाचून दाखवायला नको होतं, हे उघड आहे. पण त्याच्या आधीचा क्षण मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जुलैत पहिल्यांदा आखलेलं पान आलं तेव्हा "हे रकाने कुठून आले?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर आईचं रजिस्टर मला तेव्हाच कळलं असतं. मग ते पान वर्गात वाचण्याचा अर्थ काय होतो हेही कळलं असतं. मी प्रश्न न विचारता शेरा लिहिला. विद्यार्थी वाचताना काय मोजतो यावरून तो कुठून वाचतो हे समजतं. हे मला ठाऊक होतं असं मी समजत होते.

आराखड्याबद्दलही थोडं. कॅम्बेल यांचा आराखडा शिकवणं मी बंद केलेलं नाही, तो उपयोगी आहे. पण आता तो जुलैत न शिकवता मुलं अर्धं पुस्तक वाचून झाल्यावर शिकवते. आधी शिकवला की मुलं पुस्तकात तेच शोधतात. या मुलीने आराखडा बाजूला ठेवला म्हणून तिला दुसरं काही दिसलं. उरलेल्या पंचवीस जणांना काय दिसलं असतं, ते विचारायची वेळ निघून गेली.

सहपरीक्षकांशी मी ऑक्टोबरातच बोलायला हवं होतं. तेव्हा साचा बदलण्याबद्दल चर्चा झाली असती. डिसेंबरात फक्त गुणांबद्दल झाली. यंदापासून प्रकल्पाच्या कागदावर सहावा मथळा आहे, "विद्यार्थ्याने स्वतः निवडलेली पद्धत", आणि त्याला गुण आहेत. कादंबरी पूर्ण वाचण्याची अट ठेवली आहे. त्याबद्दल माझं मन अजून डळमळतं. तिने शेवट न वाचण्यात काही गमावलं असं मला वाटतं, कारण शेवटाकडे त्या तरुणाच्या मनात आलेला एक छोटा पश्चात्ताप आहे, फक्त एका परिच्छेदाचा. तो मी तिला सांगितलेला नाही.

आणि नकाशा. मी तो काढला नसता तर ती कुर्डीपर्यंत पोचली असती का? कदाचित उशिरा, स्वतःच्या वेगाने, आणि आजीला सोसेल अशा रीतीने. मी डिसेंबरची तारीख डोळ्यांसमोर ठेवून वाट दाखवली. वयस्क माणसाच्या आठवणी प्रकल्पासाठी मागायच्या असतील तर आधी घरच्यांशी बोलायचं, बसण्याला मर्यादा ठेवायची, दिवसा विचारायचं, झोपण्याआधी नाही, हे आता मी मुलांना सांगते. तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण मला ते कागदावरचं काम वाटलं होतं.

मे महिन्यात ती नेहमीप्रमाणे आजीबरोबर सोमेश्वराच्या उत्सवाला कुर्डीला गेली. जूनमध्ये बारावीच्या पहिल्या दिवशी तिने वही दाखवली. घराच्या जोत्याचं चित्र होतं, पडवी कुठे होती तिथे फुली. शेजारच्या अकरा घरांची नावं आजीने सांगितलेली, आणि प्रत्येकासमोर त्या घरात काय चांगलं शिजायचं ते: एकाकडे खतखतें, एकाकडे नाचण्याची आंबील, एकाकडे फणसाची भाजी. पाचवा रकाना या पानावर तिने आखलेला नव्हता. मी कारण विचारलं. म्हणाली, "तिथे सगळ्यांना उरायचं, असं आजी म्हणते. मला खरं वाटलं नाही, पण तिला खोटं पाडायला नको म्हणून रकाना काढून टाकला."

कादंबरी अजून तिच्याकडेच आहे. ग्रंथालयाच्या नोंदीत मी दर महिन्याला मुदत वाढवून देते. वाचनखूण म्हणून तिने त्यात रजिस्टराचं एक कोरं पान घालून ठेवलं आहे, तापाच्या प्रकरणाच्या पुढे थोडंसं.

हे लिखाण बाहेर देण्याआधी मी तिला आणि तिच्या आईला वाचायला दिलं. आईने काही बदललं नाही. मुलीने दोन ठिकाणी काट मारली. ती वाक्यं यात नाहीत. गोंदाने चिकटवलेल्या पानावरच्या आईबद्दलच्या तीन ओळी मी आधीच वगळल्या होत्या. त्या तिने स्वतःच्या हाताने परत लिहून दिल्या.